दाजींचा हत्ती

आमच्या दाजींना कुणालाही 'नाही' म्हणता येत नसे आणि एकदा 'हाव' म्हटलं की ते काम अर्धवट सोडता येत नसे. माझ्या थोरल्या बहिणीचा निम्मा संसार हेच निस्तरण्यात गेला. अहमदपूरच्या बाजारात दाजींचं कापडाचं दुकान. एखादी बाई पोलक्याचं कापड घ्यायला यायची आणि दाजी दुकान बंद करून तिच्या मुलीसाठी स्थळ बघायला लोह्याला निघायचे.

लातूर जिल्हा नवाच झाला होता, आणि पावसाने पाठ फिरवली होती. अहमदपूरच्याच शाळेत मी संगीत शिकवायचो. संमेलनात संगीतिका बसवली; तिच्यात हत्ती सोंडेने ढग ओढून आणतो. बांबू, गोणपाट आणि जुन्या सतरंज्यांचा तो हत्ती एवढा जड झाला की पोरांना उचलेना. मी दाजींना गाठलं. "मागचे पाय कवायतीचे सर होतील, पुढचे तेवढे..."

"हाव," दाजी म्हणाले. "पर हत्ती नर हाय का मादी?"

दुसऱ्या दिवसापासून दाजी पाठीवर सरकीचं पोतं घेऊन गल्लीतून डुलत चालायला लागले. ताई मला म्हणाली, "भाऊ, माणूस नेलास, माणूसच परत आणून दे."

प्रयोगाच्या दिवशी हत्तीच्या पोटात भट्टीसारखा उकाडा. ऐन गाण्यात सरांना घेरी आली आणि मागचे पाय खाली बसले. आतून दाजींचा आवाज सगळ्या मंडपाने ऐकला, "सर, उटा! ढग राहिलाय!" सर उठेनात. मग दाजींनी सरांसकट हत्ती ओढत नेला आणि ढग असा खेचला की मागचा पडदाही खाली आला. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला.

सरांना बाहेर काढून पाणी पाजलं. मी हत्तीच्या पोटात शिरून दाजींच्या कमरेच्या गाठी सोडवत होतो, तेवढ्यात एक म्हातारी हत्तीपुढे हात जोडून उभी राहिली. "गजानना, हीर आटली रे बाबा. पानी दे."

हत्तीने मान डोलावली.

घरी जाताना दाजी म्हणाले, "आता कसं करावं? म्या तर हाव म्हनून बसलो."

त्यांनी म्हातारीचं घर शोधून काढलं. उन्हाळाभर आपल्या शेतातल्या विहिरीचं पाणी टिपाडात भरून बैलगाडीने तिच्या दारात नेलं. एकदा मीही गाडीत होतो. घागर भरता भरता म्हातारी म्हणाली, "गजाननानं ऐकलं बगा माजं."

"हाव, आजी. ऐकतोय त्यो," दाजी म्हणाले आणि बैल वळवले.

एरवी चिमूटभर गोष्ट पोतंभर करून सांगणाऱ्या या माणसाने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, ताईलासुद्धा नाही. आता दाजी नाहीत, म्हणून मी सांगतोय.