माझ्याइतकं मीठ

जावयाला खाऊ घालणारे सासरे या जगात पुष्कळ झाले; पण जावयाला मिठाच्या वखारीत नेऊन दर सोमवारी तोलणारे गृहस्थ एकच, ते म्हणजे माझे मामेसासरे. ठाण्याच्या मिठागरांवर तीस वर्षं कारकुनी केल्यामुळे, जिचं वजन करता येत नाही ती वस्तू मुळात नाहीच, असं त्यांचं ठाम मत होतं. ईश्वराबद्दल त्यांना थोडी शंका होती, ती याच कारणाने.

त्या वर्षी जीर्णज्वराने मी इतका झडलो होतो की कल्याणच्या घरी भेटायला येणारे आधी अंथरूण पाहत आणि मग त्यात मला शोधत. वैद्यबुवांनी लंघन सांगितलं होतं. म्हणजे तापाला काही मिळू नये म्हणून मी उपाशी राहायचं. मामेसासऱ्यांच्या कानावर हे गेलं मात्र, ते आषाढाच्या भर पावसात येऊन थडकले आणि मला घोंगडीत गुंडाळून ठाण्याला घेऊन गेले. निघताना वैद्यबुवांना एवढंच म्हणाले, "ताप काही उपाशी मरत नाही, बुवा. माणूस मरतो."

त्यांच्या घरी माझी आणि शेजारच्या तुरुंगातल्या कैद्यांची दिनचर्या एकच होती. तिथल्या घंटेचा टोला पडला की माझ्यापुढे वाटी येई. कधी तूप घातलेली पेज, कधी मुगाचं कढण, कधी दुधात शिजवलेली खारीक. वाटी लहान, पण दिवसातून आठ वेळा. भूक नाही म्हटलं तर ते म्हणत की भुकेची वाट पाहायला आपण काही पाहुणे नाही. शिवाय नुसतं गिळून अंगाला मांस धरत नाही, ते हाडांना हलवून पटवावं लागतं, असाही त्यांचा एक सिद्धांत होता. म्हणून रोज खाटेवरून हात न टेकता उठायचं; आज दोनदा, उद्या तीनदा. पुढे मासुंदा तळ्याच्या काठाने पन्नास पावलं. बैठक कशी मारावी हे दाखवायला ते एकदा स्वतः खाली बसले, ते चार दिवस वर आले नाहीत. त्या चार दिवसांत घरातल्या दोन्ही खाटांवर एकाच शास्त्राचे दोन विद्वान कण्हत होते.

आणि सोमवारी वखार. पहिल्या दिवशी त्यांनी मला काट्याच्या एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात गोणी ठेवून बरोबर माझ्याइतकं मीठ भरलं, आणि तिला तांबडा दोरा बांधून ही जावईबापूंची गोणी, असं जाहीर केलं. मण-शेर बाजारासाठी, माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच व्हावी, असा त्यावर त्यांचा खुलासा. मला हे सगळं थोतांड वाटत होतं. पण पुढच्या सोमवारी माझं पारडं खाली गेलं. गोणीच्या बाजूला पावशेराचं वजन टाकावं लागलं. त्याच्या पुढच्या खेपेला अर्धा शेर. घरी येऊन मी त्या दिवशी आपण होऊन पेज मागितली. श्रावण संपेपर्यंत मी तळ्याला अख्खा फेरा घालू लागलो आणि भेटेल त्याला माझं वजन सांगू लागलो.

दसऱ्याला मी खरोखरच धडधाकट होतो. कल्याणला परतण्याआधी वखारीतल्या तोलाऱ्याचा निरोप घ्यायला गेलो आणि त्याच्यापुढेही माझ्या त्या पावशेराची प्रौढी मिरवली. तो बिचारा संकोचून म्हणाला, "रावसाहेब, पावसाल्यात मीठ गलतं. गोनी हलकी होत व्हती. तुमी पयले दोन म्हयनं जवरं व्हता तवरंच ऱ्हायलात."

मी तणतणत घरी आलो. मामेसासरे ओटीवर खारका फोडत बसले होते. तीस वर्षं मिठात काढली आणि मीठ पाझरतं हे तुम्हांला ठाऊक नव्हतं का, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"ठाऊक होतं," ते म्हणाले. त्यांचा हात थांबला नाही. "आमच्या धाकट्याला हाच ताप होता. त्याला मी लोखंडी वजनांनी तोलत होतो, जावईबापू. दर सोमवारी घटलेलं वजन खरं खरं सांगत होतो. तिसऱ्या सोमवारी त्यानं ताट सारलं, ते पुन्हा ओढलं नाही."

त्यांचा धाकटा मुलगा गेल्याचं मला माहीत होतं. कसा गेला ते मी कधी विचारलं नव्हतं. रागावून आलो होतो त्याची मला फार लाज वाटली. मी त्यांच्याजवळ खाली बसलो आणि म्हणालो, मामा, भूक लागली आहे.

लागली नव्हती. पण ते लगबगीने आत गेले आणि मोठी वाटी घेऊन आले.