पंचमीला उकरलेली जमीन

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण फिर्याद देणाऱ्यालाच आपण कसली फिर्याद देतोय हे ठाऊक नव्हतं, असं प्रकरण हे एकच.

तेव्हा मी शिराळ्याच्या बाजूला एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नागपंचमीचा बंदोबस्त आदल्या दिवशी संपला होता आणि अर्धं ठाणं पेंगत होतं. तेवढ्यात एका वस्तीवरची म्हातारी आली आणि ठाणे अंमलदारासमोर उभी राहिली.

"सायेब, काल आमच्या वरच्या अंगाला भुई उकरली. येवढं मोठं यंत्र आणून. मी वारुळाला गेलेवते, तिथनं बघितलं."

अंमलदाराने हसू दाबलं. "मावशी, ह्याला कलम कुठलं लावू?"

"ते तुमी बघा. पंचमीला कुणी भुई उकरतंय व्हय?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे त्या दिवशी नांगर चालत नाही, कुदळ लागत नाही, घरात विळीसुद्धा बंद. नागाला इजा नको म्हणून. त्यामुळे म्हातारीचा संताप धार्मिक होता. माझा संशय मात्र वेगळा होता. सगळा मुलूख जत्रेला गेलेला असताना, शिवारात चिटपाखरू नसताना, खणायची घाई कुणाला झाली? मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला लावली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

ती जागा एका नव्या कंपनीच्या शेडमागे होती. वस्तीच्या वरच्या बाजूला पूर्वी न चिकटणाऱ्या भांड्यांना लेप देणारा एक कारखाना चालायचा. तो बंद पडला, पण त्याची रसायनं विहिरीत उतरली. ही रसायनं कुजत नाहीत, उकळून जात नाहीत, वर्षानुवर्षं तशीच राहतात. वस्तीला प्यायला ती एकच विहीर. दोघांनी मिळून काढलेल्या या कंपनीने तिथे पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. उंच टाकीत खास दाणे भरलेले. पाणी त्यातून गेलं की रसायन दाण्यांना चिकटायचं आणि खाली स्वच्छ पाणी यायचं. दोघांपैकी एक याच तालुक्यातली तरुणी, दाण्यांचा शोध तिचा. दुसरा पुण्याचा तिचा भागीदार, बाहेरचा सगळा व्यवहार बघणारा.

मला विज्ञान फारसं कळत नाही, पण पोलिसी डोक्यात एक प्रश्न लगेच आला. पाण्यातून काढलेलं विष जातं कुठे?

"दाणे भरले की पोत्यांत सील करतो, सर," तरुणीने सांगितलं. "लांब एक मोठी भट्टी आहे, तिथे जाळायला पाठवतो. कालच सगळी पोती गेली."

"तुम्ही बघितली जाताना?"

"पार्टनरने पाठवली."

शेडमागे ताज्या मातीवर ओळीने आंब्याची रोपं लावलेली होती. आंब्याला एवढं मोठं चौकोनी आळं मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिला विचारलं, तर ती म्हणाली, "पंचमीला मी आईकडे होते. आल्यावर बघते तर झाडं." मला ते पटलं नाही. हुशार माणूस अज्ञान फार छान पांघरतो, हे मी बऱ्याचदा अनुभवलं आहे. दोघांनाही ठाण्यात बोलावलं आणि वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं.

भागीदार इस्त्रीच्या शर्टात, शांत. चहा घेतला, आभार मानले. आरडाओरडा करणारा आरोपी मला परवडतो. आभार मानणाऱ्याकडे मी जरा निरखून बघतो.

"खड्डा कशाला घेतला?"

"विजेच्या अर्थिंगसाठी. मग उरलेल्या जागेत झाडं लावली."

"कुणी खणला?"

"इथल्याच मजुरांनी, सर. सणाची सुट्टी होती, रिकामेच होते. दोन पैसे मिळाले त्यांना."

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचं पेन थांबलं. तो खालच्याच गावचा. मान वर न करता तो म्हणाला, "सायेब, आमच्यातला माणूस पंचमीला कुदळीला हात लावत न्हाई. उपाशी ऱ्हाईल, पण लावणार न्हाई."

भागीदाराने आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपण कुठे घसरलो हे त्याला कळेना. कुणाचं लक्ष नसेल म्हणून त्याने तो दिवस निवडला होता, आणि वर्षभरात नेमक्या त्याच दिवशी उकरलेला मातीचा ढीग आमच्या मुलखात सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. एरवी कुणी ढुंकून बघितलं नसतं.

खणायच्या यंत्राचा चालक शोधून आणला, तो मलकापूरकडचा निघाला. पोरगा घाबरला नव्हता, चिडला होता. "मी पंचमीला नगंच म्हणत हुतो. म्हनलं उद्या करू. तर म्हनला, आजच पायजे, न्हाईतर दुसरा बघतो. पोती हुती सायेब, पांढरी. एक बकेटला लागून फाटलं बी."

एवढं समोर ठेवल्यावर भागीदार बोलू लागला. भट्टीवाल्यांनी लांबची तारीख दिली होती. शेड पोत्यांनी भरलं होतं. यंत्र बघायला बाहेरून मोठी माणसं येणार होती, आणि त्यांना विषाच्या थप्प्या दाखवायच्या नव्हत्या. "थोड्याच दिवसांसाठी ठेवली होती, सर," तो म्हणाला. थोड्या दिवसांसाठी ठेवलेल्या वस्तूवर कुणी आंबे लावत नाही.

प्रदूषण खात्याच्या अधिकाऱ्यांसमोर आणि पंचांसमोर खड्डा उघडला. तरुणीला मी मुद्दाम जवळ उभं केलं, तिचा चेहरा बघायला. पहिलं पोतं वर आलं आणि सीलवर तिचीच सही. ती रडली नाही की तिने भागीदाराकडे बघितलं नाही. खड्ड्यापासून विहिरीपर्यंतचा उतार बघत ती म्हणाली, "विहिरीचं पाणी आत्ताच्या आत्ता बंद करा." तिथे माझा संशय गेला. त्यात सामील असती तर ती आधी स्वतःला वाचवायला धावली असती.

नशीब एवढंच की त्या दिवसांत पावसाने उघडीप दिली होती. फाटलेल्या पोत्याखालची माती काढली, पाण्याचे नमुने गेले आणि अहवाल ठीक आला. तोवर वस्ती टँकरचं पाणी प्यायली. यंत्र उपटून फेकायला लोक निघाले होते. तरुणी पंचायतीसमोर उभी राहिली. "चूक माझी बी हाय. मी इचारलं, त्यो पोती गेली म्हनला, आन् मी गप बसले. यंत्र काढा, पण मग प्यायचं काय ते सांगा." यंत्र राहिलं.

भागीदारावर गुन्हा दाखल झाला. आता पोती आमचा मुद्देमाल झाली. मुद्देमाल खोलीचा कारकून दार अडवून उभा राहिला, प्रदूषण खातं म्हणालं तुमच्याकडेच ठेवा, पंचायत म्हणाली तालुक्याबाहेर न्या. कुणालाच ते दारात नको होतं. त्या भागीदाराचा मला राग होता, अजून आहे. पण त्याने जे केलं ते करायचा मोह किती सोपा आहे हे तेव्हा समजलं. शेवटी न्यायालयाने नमुने राखून बाकीचं नष्ट करायची परवानगी दिली आणि गाडी बंदोबस्तात भट्टीकडे निघाली. तरुणी हट्टाने सोबत गेली.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "सर, जळली पोती. डोळ्यांनी बघितलं."

सवयीने मी विचारलं, "सगळी?"

"एक राहिलंय. ते म्हणतात, तुम्ही जा, आम्ही जाळतो. मी इथंच बसलेय."

बायको म्हणते, मी दूधवाल्याचीही उलटतपासणी घेतो. खरं आहे. संशय हा नोकरीने लावलेला रोग आहे असं मीही मानत होतो. त्या पोरीने मला शिकवलं की ज्याच्यावर वस्ती विसंबून आहे त्याने संशय घ्यायलाच हवा, आणि सगळ्यात आधी आपल्या माणसाच्या "झालं" या शब्दावर. फोन ठेवून मी स्टेशन डायरीत लिहिलं, 'मुद्देमाल नष्ट', आणि मग ते खोडलं. शेवटचं पोतं जळाल्याचा तिचा फोन संध्याकाळी आला, तेव्हा पुन्हा लिहिलं.