खुर्चीवरून दिसणारं स्वयंपाकघर

मॉन्ट्रियलमध्ये आमच्या शेजारी एक वयस्कर इटालियन जोडपं राहायचं. त्यातले गृहस्थ सिनेमाचे सेट डिझाइन करत. आधी रोममध्ये, नंतर इथे. प्लायवूडचे राजवाडे, तुरुंग, एकदा तर अख्खं बंदर त्यांनी उभं केलं होतं. शूटिंग संपलं की सगळं तोडायचं. पन्नासेक सिनेमे झाले, पण हात लावून दाखवावी अशी एकही भिंत आज कुठे उभी नाही, असं ते सहज सांगायचे.

मग त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश झाला. संध्याकाळ झाली की त्या कोट घालून दाराशी उभ्या राहायच्या. घरी जायचंय. घर म्हणजे इटलीतलं, आईचं. एकदा त्या बर्फात घरातल्या सपातांवर बाहेर पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, आता यांना नर्सिंग होममध्ये ठेवा.

ते मला म्हणाले, "घर हवंय ना तिला? मग घरच बांधतो."

बेसमेंटमध्ये त्यांच्या सासूबाईंचं स्वयंपाकघर उभं राहू लागलं. मी प्लाय उचलायला जायचो. जागा अपुरी होती, त्यावर त्यांच्याकडे धंद्यातली युक्ती होती. मागे जाताना सगळं लहान करत न्यायचं. टेबल निमुळतं, फरश्या बारीक, कपाट बुटकं. पुढे, कॅमेऱ्याच्या जागी ठेवलेल्या एका खुर्चीवर बसून पाहिलं की खोली दुप्पट लांब वाटे. मी टेप लावली. मागचं दार जेमतेम साडेतीन फूट.

"यातून जाणार कसं?"

"इंजिनियर, सेटवरचं दार बघायला असतं."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "तुम्हाला भिंत दिसली की टेप सुचते. करू देत की त्यांना."

फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांनी पत्नीला खाली आणून खुर्चीवर बसवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग इटालियनमध्ये काहीतरी म्हणाल्या.

"खिडकी लाव म्हणतेय," त्यांनी मला सांगितलं. "पाऊस आत येतोय."

आणि त्या उठल्या. कॅमेरा असा उठून चालायला लागत नाही. त्या चालत गेल्या, तशी खोली त्यांच्याभोवती आखडत गेली. टेबल गुडघ्याशी आलं, दार छातीशी. त्यांनी वाकून कडी ओढली. मागे सिमेंटची भिंत. त्या वळल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि किंचाळल्या.

त्यानंतर ते जवळ आले की त्या घाबरायच्या. त्यांच्या हातचं खाईनात. महिन्याच्या आत त्यांना नर्सिंग होममध्ये न्यावं लागलं.

सेट त्यांनी स्वतःच तोडला. मी फळ्या बाहेर नेऊन कचऱ्याच्या गाडीसाठी रचल्या. शेवटी खाली खुर्ची तेवढी उरली.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो. समोर वॉटर हीटर आणि ओल आलेली भिंत.

"इथून बरोबर दिसत होतं ना?"

"बरोबर दिसत होतं," मी म्हणालो. ते खरंच होतं.