अंगातले पहारेकरी

गोठ्यातल्या वासरांचं सगळं बघणाऱ्या मावशींना डॉक्टरांचं नवं औषध काही पटेना. "कुठल्या रोगावरचं आहे?" त्यांनी विचारलं.

"एकाच रोगावरचं नाही," डॉक्टर म्हणाले. "अंगातले पहारेकरी आधीच जागे करून ठेवायचे. मग विषाणू कुठलाही येवो, लस लागू पडेपर्यंत ते खिंड लढवतात."

मावशी नाक मुरडत कामाला लागल्या. नव्या वीस वासरांच्या नाकात फवारा मारायचा होता. प्रत्येक वासरू फवारा घेई, क्षणभर विचार करी आणि थेट मावशींच्या तोंडावर शिंके.

त्या आठवड्यात शेजारच्या गोठ्यात खोकल्या-तापाची साथ आली. मावशींची वासरं मात्र उड्या मारत होती. घरी नवरा, सासूबाई, दोन्ही लेकी असे सगळे सर्दीने आडवे झाले आणि मावशी तेवढ्या ठणठणीत राहिल्या.

"अहो, हा निव्वळ योगायोग आहे, ते औषध माणसांचं नाही," डॉक्टरांनी परोपरीने समजावलं. मावशींनी मान डोलावली.

पुढच्या खेपेची वासरं आली तेव्हा मावशींनी नवऱ्यालाच सोबत आणलं आणि फवारा मारताना वासरांसमोर उभं केलं. तो बिचारा तासभर तोंड पुढे करून उभा राहिला. नेमकं त्या दिवशी एकही वासरू शिंकलं नाही.