मागे वळून पाहणारा पोपट

आधीच सांगतो, भूतप्रेत, बाहेरची बाधा वगैरे गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. काही बिघडलं तर चूक कोडच्या कुठल्यातरी ओळीत असते, एवढंच मला माहीत... म्हणून तर डोकं जास्त फिरतं.

मी भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचा. नागपूरच्या कंपनीचं काम घरूनच करतो. शेजारी काकाजींचा कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्यांचा हातमाग. भंडाऱ्याच्या एका व्यापाऱ्याने त्यांच्या मागाला डिझाइनसाठी कम्प्युटरची जोड लावून दिली आणि काठाचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. आमच्या धंद्यात चालणारा कोड कोणी परत लिहीत नाही. लग्नपत्रिकांच्या माझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पोपटांची किनार होती, तीच उचलली. म्हणजे कोडमध्ये पोपट एकच — तोच पुन्हा पुन्हा बोलावायचा, रांग तयार.

पहिल्या साडीच्या काठात एक पोपट मागे मान वळवून बसलेला. दुसऱ्या साडीतही एक, वेगळ्याच जागी. आता सांगा, मूळ पोपट एकच असताना एकट्याने मान वळवायची कशी? वळवली तर सगळ्यांनी वळवायला पाहिजे! स्क्रीनवर सगळे मुकाट पुढे पाहणारे. मी कोड तपासला, पुसला, नव्याने लिहिला. भिंग घेऊन मागाचे दोरेही तपासले. दोरा चुकीचा असता तर प्रत्येक पोपट बिघडला असता. पण नाही, साहेब एकटेच मागे पाहत होते. व्यापारी साड्या परत पाठवत होता, शेवटी ऑर्डरच काढून घेतो म्हणाला.

उरला फक्त माग. मी काकाजींना म्हणालो, जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे दोरे, कापा आणि पहिल्यापासून भरा. विणकर साडी उतरवताना जुन्या ताण्याची टोकं मागावरच ठेवतात आणि नव्याचे दोरे त्यांना एकेक करून सांधतात, म्हणजे फणीतून पुन्हा ओवायला नको. त्या मागावर पहिली भरणी, म्हणजे दोरे ओवण्याचं काम, काकूंची होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, तरी प्रत्येक ताणा त्याच टोकांना सांधत आलेला.

"सूत तिचं नाही उरलं आता," काकाजी म्हणाले. "पण भरणी तिचीच हाये. कायले कापतं बाबू?"

मी वैतागलेलो होतो. ऑर्डर गेली तर माग बंद पडेल, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी स्वतःच कात्री घेतली आणि कापलं. भरणी गावातल्या दुसऱ्या बाईंकडून करून घेतली.

त्यानंतर एकाही पोपटाने मान वळवली नाही. व्यापारी खूश. काकाजी मात्र मागावर बसेनात. गुडघे दुखून राहिले म्हणायचे. माग चालावा म्हणून सगळा खटाटोप केला आणि विणणाराच उठून गेला. मला स्वतःचाच राग आला.

मग व्यापाऱ्याने भंडाऱ्यात स्वतःचा माग टाकला. कोरा करकरीत, भरणी तिथल्याच कारागिरांची. मी काकाजींकडचा प्रोग्रॅम जसाच्या तसा तिथे नेला. पहिलीच साडी उतरली आणि व्यापाऱ्याने फोटो पाठवला... काठात एक पोपट, मागे मान वळवून.

तो फोटो मी काकाजींना दाखवला. ते चपला घालून निघाले. भंडाऱ्याला पोचल्यावर त्यांनी त्या पोपटावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ उचललंच नाही.

"दोरे भरता भरता तुही काकू अशीच मागे पाहे," ते म्हणाले. "मी उठून त नाही ना गेलो, हे पाहाले."

मग म्हणाले, "हे काढू नको."

व्यापारी रोज फोन करतो, ती चूक काढून टाक म्हणून. मी रोज कोड उघडतो. त्यात एकच पोपट आहे आणि तो सरळ पुढे पाहतो. काढू काय, डोंबल? इथे कोणी जाणकार असेल तर सांगा, मला काहीही सुचत नाही. काकाजींचे गुडघे मात्र आता दुखत नाहीत. ते रोज सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला जातात आणि त्या मागावर बसतात.