समोरच्या दाराची किल्ली

करोना नवा होता तेव्हा टीव्हीवर रोज एक डॉक्टर येऊन कोणाला जास्त धोका आहे ते सांगायचे. सत्तरी ओलांडलेले, मधुमेहवाले, रक्तदाबवाले, सिगरेट ओढणारे, वजन वाढलेले, व्यायाम न करणारे. मला वाटायचं, हा माणूस आमच्या बाबांना समोर बसवूनच बोलतोय. एकही कलम सुटलेलं नव्हतं. बाबा मात्र पोटावर ताटली ठेवून चिवडा खात ऐकायचे आणि डॉक्टरच्या टायला नावं ठेवायचे.

आई गेल्यापासून भाईंदरला इंद्रलोक भागातल्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघंच. बाबा निवृत्त, मी लग्न मोडून परत आलेली. बाबांना काही झालं तर हक्काने चिडायला मला या जगात कोणी उरणार नव्हतं. त्या भीतीने मी पहिले काही महिने एकेका भेंडीला आंघोळ घालत होते. दुधाच्या पिशव्या साबणाने चोळून दोरीवर वाळत टाकत होते. बाबा म्हणायचे, करोना राहू दे, फेसानेच मरू.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की डॉक्टर सगळं सांगतात, पण स्वभावाबद्दल काही बोलत नाहीत. आणि आमची सगळी भिस्त तर स्वभावावरच होती.

बाबा माणूसघाणे आहेत. ही तक्रार नाही, माहिती आहे. गिरगावच्या चाळीत अर्धं आयुष्य गेलं, तिथे शेजारी न विचारता घरात शिरून बरणीतलं लोणचं घेऊन जायचे. त्याचा सूड उगवायला ते भाईंदरला आले असावेत. लग्नाला जायचं नाही, बारशाला जायचं नाही, मयताला तर मुळीच नाही. लिफ्टमध्ये कोणी असेल तर ती सोडून पुढची घ्यायची. हात मिळवायला कोणी पुढे आलं की त्याच्या हातात स्वतःची पिशवी द्यायची. ज्या सवयींवरून आईने जन्मभर डोळ्यांतून पाणी काढलं, त्याच आता पोलीस दंडुका घेऊन लोकांना शिकवत होते. बाबांची कॉलर ताठ झाली. सरकार शेवटी लायनीवर आलं, असं ते म्हणायचे.

त्यांच्या या कडेकोट बंदोबस्ताला एकच भगदाड होतं. समोरच्या दारातले काका.

काका इथलेच, जुने जमीनवाले. आमची बिल्डिंग ज्या जागेवर उभी आहे तिथे त्यांच्या घरच्यांची भातशेती होती आणि पलीकडे मिठागर. तरुणपण त्यांनी मिठागरात राबून काढलेलं. बाबांहून दोन-तीन वर्षांनी मोठे, पण पोट नाही, साखर नाही, व्यसन नाही. पहाटे उठून खाडीपर्यंत चालत जायचे आणि येताना भेटेल त्याच्या घरी चहा पिऊन यायचे. बायको वारलेली, मुलगा दुबईला. एकटे राहत होते, पण त्यांच्या घरात एकटेपणा कधी दिसला नाही. गावातली निम्मी माणसं त्यांची नातेवाईक आणि उरलेली निम्मी त्यांच्या हातचं खाऊन गेलेली.

दोघांची मैत्री होती असं मी म्हणणार नाही, बाबांना राग येईल. रोज संध्याकाळी दोघं आपापल्या दारात खुर्ची टाकून, मध्ये पॅसेज ठेवून भांडायचे, इतकंच. लॉकडाऊनमध्ये भांडणाला नवा विषय मिळाला. श्वास रोखून धरता आला तर फुफ्फुसं शाबूत, असा एक मेसेज मोबाइलवर फिरत होता. निव्वळ भंपक होता, पण काकांना आवडला. ते छाती फुगवून बसायचे, बाबाही जिद्दीने तोंड मिटायचे, आणि काही क्षणांत बाबांचा सिगरेटी खोकला सुटायचा. काका अजून तसेच, डोळे मिचकावत. मग सावकाश श्वास सोडून म्हणायचे, "मिठागराची छाती हाय, साहेब." बाबा रोज हरायचे आणि रोज खुर्ची टाकायचे.

आमची एक किल्ली त्यांच्याकडे असायची आणि त्यांची आमच्याकडे, टीव्हीच्या बाजूच्या खिळ्याला. शेजारात असतं तसं.

दुसऱ्या वर्षी जरा सगळं सैलावलं आणि काकांच्या पुतण्याच्या मुलाचं लग्न निघालं. इकडे लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होणार नाही. हळदीला अख्खं गाव नाचायला हवं. सरकारने मात्र पन्नास माणसांची अट घातलेली. त्यावर घरच्यांनी शांत डोक्याने तोडगा काढला. पन्नास माणसं आत, बाकीची रस्त्यावर. आतली जेवून, नाचून बाहेर आली की पुढची पन्नास आत. काकांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. एका टायमाला पन्नासच होती, पोलिसाने येऊन मोजावीत, असं ते छातीठोक सांगत होते. स्वतः मात्र ते प्रत्येक पन्नासात होते, कारण घरचा मोठा माणूस बाहेर कसा उभा राहणार?

बाबांनाही आमंत्रण होतं. बाबा म्हणाले, मला स्वस्थ बसलेली माणसं सहन होत नाहीत, तिथे नाचणारी कोण बघणार? काका पहाटे घरी आले ते गालाला हळद आणि घशाला बूच लावून. मिठ्या मारून मारून खांदे दुखत होते म्हणे.

आठवड्याभरात त्यांचं दार बंद झालं. फोनवर म्हणाले, "काय न्हाय झालं मना, जरा सर्दी हाय." तपासणीत ती सर्दी निघाली नाही. मी दोन वेळचा डबा दाराशी ठेवायला लागले, एक ऑक्सिमीटरही ठेवला. आकडा विचारला की काका "मस्त हाय" एवढंच सांगायचे. बाबा फोन हिसकावून घ्यायचे आणि मस्त हा आकडा नाही, असं खेकसायचे. खुर्ची मात्र रोज टाकायचे. बंद दारासमोर बसून पेपर वाचायचे. मला हसू यायचं, आणि भीतीही वाटायची, की हा माणूस दारापासून अजून थोडा मागे का बसत नाही.

एके दिवशी दुपारी मी आतल्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकले होते. बाहेर आले तर बाबा जागेवर नव्हते. खिळा रिकामा होता. समोरचं दार सताड उघडं.

धावत उंबऱ्यापर्यंत गेले. सकाळचा डबा तसाच दाराशी पडलेला. काका आत पलंगावर, ओठ काळसर पडलेले, आणि आमचे बाबा, लिफ्टमध्ये दुसरा माणूस न चालणारे बाबा, दोन्ही हातांनी त्यांना कवेत घेऊन पालथं करत होते. पालथं झोपवलं की श्वास सुधारतो, हे त्याच टायवाल्या डॉक्टरने सांगितलेलं. मास्क गळ्यात आला होता, कारण मास्कमधून नीट ओरडता येत नव्हतं. "पालथे व्हा म्हणतोय ना, ऐका जरा माझं." काकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन ते ओरडत होते आणि स्वतः धापा टाकत होते.

पुढचे तास फोन करण्यात गेले. ज्या शेजाऱ्यांना बाबांनी कधी ओळख दिली नव्हती, त्यांच्यातल्याच एकाने हॉस्पिटलात खाट मिळवली. अँब्युलन्स गेल्यावर मी बाबांवर तुटून पडले. वाट्टेल ते बोलले. तुम्हाला साखर आहे, छातीची चाळण झालीय, मला हाक मारायला काय झालं होतं, तुम्ही गेलात तर मी काय करू. पॅसेजमध्ये उभी राहून, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी रडले.

बाबा बेसिनवर कोपरापर्यंत हात धूत होते. मागे न बघता म्हणाले, "किल्ली आपल्याकडे होती ना."

वर्षभर मी ज्या स्वभावाच्या भरवशावर होते, तो इतका तकलादू निघाला.

बाबांना करोना झाला, माझ्यावरही शिंतोडा उडाला. मी माझ्या तापात त्यांच्या खोलीबाहेर बसून त्यांचा खोकला ऐकायची. कोरडा झाला की उठून दाराला कान लावायची, नेहमीसारखा घरघरला की परत बसायची. आणि काय व्हावं? चार दिवस ताप आला, मग साहेब उठून बसले आणि बोंबील मागायला लागले. तिकडे मिठागराची छाती महिनाभर ऑक्सिजनवर. बाबांनी यावरून सिगरेटच्या औषधी गुणांचा सिद्धांत मांडायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर त्यांची अशी हजेरी घेतली की मला बरं वाटलं. नशीब म्हणा आणि गप्प बसा, असं त्या म्हणाल्या. दहा जण तुमच्यासारखे बघितले, सगळे बोंबील मागायला उरले नाहीत.

काका परत आले ते अर्धे होऊन. लिफ्टपासून दारापर्यंत यायला मध्ये भिंतीला टेकले. बोलताना एक वाक्य पुरं व्हायचं नाही. गावातली माणसं भेटायला यायची तर बाबा पॅसेजमधूनच त्यांना हाकलायचे, आणि काकांची त्याला हरकत नसायची, हे बघून मला जास्त वाईट वाटायचं.

अशातच एका संध्याकाळी दोन्ही दारांत पुन्हा खुर्च्या पडल्या. मी आमच्या दारात कोथिंबीर निवडत होते. काका भिंत धरत येऊन बसले. मग म्हणाले, "साहेब, धरायचा काय श्वास?"

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. दोघांनी तोंडं मिटली. काकांच्या मानेच्या शिरा लगेच वर आल्या, त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बाबा स्वस्थ बसून त्यांच्याकडे बघत होते. जन्मात पहिल्यांदा जिंकायला आले होते. आणि तेवढ्यात खोकले. चांगले वाकून, छातीवर हात मारत खोकले.

काकांनी श्वास सोडला. धाप ओसरायला वेळ लागला, मग हसले. "मिठागराची छाती हाय," म्हणाले.

"तुम्हाला दुसरं येतंय काय," बाबा म्हणाले आणि खुर्ची उचलून आत आले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी मान खाली घालून कोथिंबीर निवडत राहिले. तो खोकला ऐकत मी लहानाची मोठी झालेय. मघाचा खोटा होता.