मी नसताना माझं नाव

मुलगी बेंगळूरला बी.ए. करते. मुख्य विषय, दिव्यांगत्व अभ्यास. नातेवाइकांना काय सांगायचं हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं: समाजशास्त्रासारखंच असतं. आमच्या गावी, बोरगावात, बहुतेकांचं तेवढ्यानं भागलं. एका आप्पांनी मात्र धरलंच.

"म्हंजे डॉक्टर व्हणार?"

"न्हाय, आप्पा."

"मग काय, नुसतं बघत बसणार व्हय?"

दिवाळीला ती कॉलेजचं काम घेऊन आली. बहिऱ्या माणसाच्या घरात त्या घरापुरत्या खुणा तयार होतात, त्या गोळा करायच्या होत्या. माझी थोरली बहीण, आक्का, जन्मापासून बहिरी. ती जाऊन बरीच वर्षं झाली. मी खुणांचे गट पाडले, नाती, जेवण, शेत, सण, आणि मोबाइलसमोर बसून एकेक उरकत गेले. आई म्हणजे कपाळावर बोट. वडील म्हणजे तंबाखूचं पान चुरून हुंगणं. बेळगाव म्हणजे सॅल्यूट, कारण आक्कानं तिथलं बघितलं होतं ते लष्कराचं कॅम्पच.

"आणि तू?" मुलीनं विचारलं.

माझा हात उचलला तसाच राहिला. मला हाक मारायची तर आक्का खांद्यावर थोपटायची. लहानपणी मी तिच्या मागं मागंच असायचे. माझ्याबद्दल काही सांगायचं तर बोट दाखवलं की झालं. नावाची खूण लागते ती माणूस समोर नसताना. माझी खूण झाली असेल तर मी बेळगावात हॉस्टेलवर गेल्यावर. ती मी कधी पाहिलीच नव्हती.

आई-वडील आता नाहीत. शेजारच्या काकू तेवढ्या आहेत. मुलीचं काम त्या एका खुणेवाचून अडणार नव्हतं, पण मी चप्पल घातली. मुलगीही मोबाइल घेऊन मागं आली.

काकू शेंगा फोडत होत्या. "तुझी खूण? थांब गं, आठवू दे." त्यांनी हात छातीशी नेला, मान हलवली, पुन्हा नेला. मग दोन्ही खांद्यांवरून वेण्या धरून खाली ओढल्यासारखं केलं. "आसं. तुझ्या वेण्या तीच घालायची न्हवं?"

मग मी बेळगावहून यायचे त्या निपाणीच्या रस्त्याकडं बोट करून त्यांनी पंजा उलटा केला. म्हणजे, ती कधी येणार?

"रोज. तुमची जैनांची जेवणं दिवस मावळायच्या आत. मग उजेड असंस्तवर कट्ट्यावर बसून मलाच इचारायची. मला काय म्हाईत? मी आपली सांगायची, उद्या येईल."

मुलगी म्हणाली, "आजी, परत करा ना, रेकॉर्ड करते." काकूंनी केलं. पण माझ्याकडं बघत केलं. मला ते तसं नको होतं; ती खूण मी समोर नसतानाची.

"तिला खुणेनं सांगा, काकू," मी म्हटलं आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणजे काकू सांगत होत्या.